सखुबाईचं तोंड

घारपाड्यात लग्न ठरलं की माणूस आधी मांडववाल्याकडे जात नसे, सखुबाईच्या ओट्यावर येत असे. भटजीचं काय, डोंबिवलीत पैशाला पासरी. धवलारीण तशी मिळत नाही. हळदीचा पाट मांडल्यापासून नवरी उंबरा ओलांडून आत येईपर्यंत लग्नाची जी जी गाणी, म्हणजे धवले, गायचे, ते सगळे सखुबाईच्या तोंडात होते. कागदावर एक अक्षर नव्हतं. शाळेत ती दोनच पावसाळे गेलेली. तिसऱ्या पावसाळ्यात गुरुजी म्हणाले, "तोंड मिट," तशी पाटी तिथंच ठेवून घरी आली, ती आलीच.

असल्या बाईच्या घरात तोंडाची चैन कुणाला कमी नव्हती. कमी पडत होतं ते इंग्रजी. मुलगा धनेश टेम्पो चालवायचा, वागळे इस्टेटच्या फेऱ्या मारायचा. तो म्हणायचा, "आपल्या बापजाद्यांनी जमिनीच्या कागदांवर आंगठं मारलं. माझी पोर सही करील, ती पन इंग्रजीन." म्हणून कृतिकाला वेशीवरच्या निळ्या फाटकाच्या शाळेत घातलं. त्या शाळेचा नियम असा, की फाटकाच्या आत पाऊल पडलं की इंग्रजीशिवाय शब्द नाही. पाणी मागायचं तर इंग्रजीत, रडायचं तर इंग्रजीत. गावात तिला इंग्रजीत बुडवायची शाळाच म्हणत.

प्रवेशाच्या दिवशी मोठ्या मॅडम म्हणाल्या, "काळजी करू नका आजी. मुलाला पाण्यात टाकलं की ते आपोआप पोहायला शिकतं."

सखुबाई खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती. म्हणाली, "आमी खाडीचे खारीवरची मानसा, मॅडम. आमी पोराला पान्यान टाकतो तवा कमरेला दोरी बांधतो. दुसरा टोक बापाचे हातान असतं. तुमची दोरी कुठं हाय?"

सून कल्पिता घाईघाईनं हसली. मोठ्या मॅडमही हसल्या. मग त्यांनी फीचा कागद पुढे सरकवला.

मग तो रोग आला आणि निळं फाटक बंद झालं. आधी वाटलं, आठपंधरा दिवस. पावसाळा तोंडावर आला तरी फाटकावर साखळीच. शाळा टॅबात शिरली आणि टॅबातून सखुबाईच्या ओटीवर आली. शाळेचा निरोप होता, की मुलांची वर्षभराची मेहनत वाया जाऊ द्यायची नसेल तर आता घरालाच शाळा करा. घरात इंग्रजीच बोला. घरातल्या वस्तूंना नावं चिकटवा.

कल्पिता माजिवड्याची, बारावी झालेली. तिनं एका दिवसात घर चिठ्ठ्यांनी भरून टाकलं. दारावर डोअर, खिडकीवर विंडो, माठावर पॉट. वरवंट्याला काय म्हणायचं ते वर्गाच्या क्षिप्रा मॅडमनाही सुचलं नाही, तेव्हा त्याच्यावर स्टोन लिहायला सांगून मोकळ्या झाल्या.

"म्हंजे दगर," सखुबाई म्हणाली. "दगर त दगर. मंग मसाला कनाशी वाटाचा, तुमचे मॅडमचे डोक्यानी?"

पुढच्या आठवड्यात घरातल्या माणसांना चिठ्ठ्या लागल्या. टॅबातून मॅडम सांगत होत्या आणि कृतिका चिकटवत होती. सखुबाई पाठमोरी बसून वालाच्या शेंगा सोलत होती. पोरीनं तिच्या पाठीला कधी कागद डकवला ते तिला कळलंही नाही. तशीच ती नळावर गेली. तिथं शेजारची कांता हंडा भरत होती. ती फस्सकन हसली.

"सखुबाय, तुना इकाला काढली का गो? पाठीवर चिठी लागलीय."

नळावरच्या सगळ्या बाया हसल्या. सखुबाईनं कागद ओरबाडून काढला. त्यावर काय लिहिलंय ते तिला वाचता येत नव्हतं, हे तर नळावरच्या प्रत्येकीला ठाऊक होतं. ती घरी आली तर नवरा, धाकू, ओट्यावर ताठ बसलेला. त्याच्या छातीवरही चिठ्ठी होती. ती पडू नये म्हणून म्हातारा श्वास बेतानं घेत होता.

"कारा ती," सखुबाई म्हणाली.

"ऱ्हाऊदे गो. पोरीनी लावलीय," धाकू म्हणाला, आणि तशीच चिठ्ठी घेऊन शेतावर गेला.

शेत म्हणजे काय, उरलेला तुकडा. एका बाजूला बिल्डिंगींची भिंत, दुसऱ्या बाजूला कंपन्यांकडून येणारा नाला. नाल्याला कधी हिरवं पाणी, कधी गुलाबी. तरी धाकू त्या तुकड्यात भात लावायचा आणि भात निघालं की वाल टाकायचा. माणूस मुळातच कमी बोलणारा. लोक म्हणायचे, सखूनं त्याच्या वाटणीचं बोलून टाकलंय. पण कृतिकाशी तो बोलायचा. दुपारी चहाचा गडू घेऊन ती बांधावर जायची आणि तिथं दोघं बसायची. बांधावर शाळा नव्हती. तिथं खेकड्याला खेकडा म्हणता यायचं.

गोष्ट बिघडली ती कोंबड्यापायी.

दिवाळीची सुट्टी संपल्यावरची एक सकाळ. ओटीवर कृतिकाचा वर्ग चालू होता. अंगणात सखुबाईनं जवळा वाळत घातला होता आणि शेजारचा कोंबडा त्यात शिरला. सखुबाई हातात झाडू घेऊन धावली. तिचा आवाज मांडवाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचणारा, त्याला ओटी ती काय! "मुडद्या! तुझे बापानी मारलाय का रं यो जवला? तुना पटकी ये, मुडद्या!" पोरीनं टॅबाचा आवाज बंद करायच्या आत ते सगळं वर्गातल्या पोराटोरांच्या घरोघरी जाऊन पोचलं. दुसऱ्या दिवशी क्षिप्रा मॅडमनी कोंबड्याचं चित्र दाखवून विचारलं, हा काय म्हणतो? बिल्डिंगीतली पाचसहा पोरं एका सुरात ओरडली, "मुडद्या!"

धाकू इतका हसला की त्याला बंडीनं डोळे पुसावे लागले. कल्पिता मात्र रडकुंडीला आली. आयांच्या ग्रुपवर भडका उडाला होता. समोरच्या बिल्डिंगीतल्या रसिकानं लिहिलं होतं, की आम्ही घरात सगळी शिस्त पाळतो आणि एका घरातून हे असं ऐकू येतं, मग मुलं काय शिकणार?

संध्याकाळी क्षिप्रा मॅडम टॅबावर बोलायला आल्या. त्यांच्या मागे जगाचा नकाशा छापलेली चादर टांगलेली असायची. ती मधेच घसरली आणि मागे बनियनवर झोपलेला माणूस आणि पाळणा दिसला. मॅडमनी हात मागे करून चादर सावरली आणि कुणाला तरी दबक्या आवाजात 'श्श' म्हटलं. त्यांचंही घर तोंड दाबूनच बसलं होतं.

"आजी, तुमचा आवाज खरंच छान आहे हो," त्या म्हणाल्या. "पण मुलांचं वातावरण बिघडतं. कृतिका आधीच मागे पडलीय. सारखी शब्द मिसळते. निदान तिच्यासमोर..."

सखुबाई काही म्हणायच्या आत धनेश म्हणाला, "मी सांगतो तिला, मॅडम." आणि टॅब बंद झाल्यावर त्यानं सांगितलं. "आये, तुझे तोंडाची गिरन बंद ठेव. पोरीचा नाव कापतील."

"माजे तोंडानी तुजा लगीन लागलाय, धन्या."

"तवा लागला. आता पोरीचा वाटोला करू नको."

सखुबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. धाकू खाली मान घालून तंबाखू मळत होता. तो एक शब्द बोलला असता तरी पुढचं टळलं असतं. तो म्हणाला, "पोरीचे भल्याचा हाय त..."

सखुबाई उठली. डोईवरचा पदर नीट केला. "बंद त बंद. या उंबऱ्याचे आत आता मी बोलाची नाय. कवा बोलंन? तुमी पाय धराल तवा."

कल्पिता म्हणाली, "आई, तसं नव्हतं म्हणायचं..." पण सखुबाई माजघरात गेली होती.

लोकांना वाटलं, दोन दिवस. सखुबाईला ओळखणाऱ्यांना तसं वाटलं नाही. नळावर, कांताच्या ओट्यावर, देवळापाशी तिची जीभ पूर्वीसारखी चालायची, उलट जरा जास्तच धार लावून. पण उंबऱ्याच्या आत पाऊल पडलं की तोंडाला कुलूप. भाकरी हवी का, तर टोपली पुढे सरकवायची. चहा झाला, तर पेला आपटायचा. धाकूवर तिचा राग सगळ्यात जास्त. मुलगा परक्या पोरीचा झाला, ते समजता येतं. पण ज्याच्या वाटणीचं आयुष्यभर आपण भांडलो, त्यानं मान खाली घालावी?

घर हळूहळू ओसाड पडल्यासारखं झालं. कल्पिता मोडकंतोडकं इंग्रजी बोलायची, तेही संपून जायचं. माणूस परक्या भाषेत किती वेळ 'कम' आणि 'इट' म्हणणार? धनेश दिवसभर टेम्पोवर. कृतिकानं एक नवीनच रीत काढली. काही हवं असलं की ती आजीसारखी हनुवटी पुढे करून दाखवायची. भूक लागली तर टोपलीकडे हनुवटी. बाहेर जायचं तर दाराकडे हनुवटी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सखुबाईला मनातून गोड वाटलं, की बघा, पोर कुणावर गेलीय. पुढं एकदा पोरीच्या पायात बाभळीचा काटा मोडला. ती ओठ मिटून ओटीवर आली, पाय पुढे केला आणि हनुवटीनं काटा दाखवला. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण तोंडातून आवाज नव्हता. सखुबाईनं तिचा पाय मांडीवर घेतला. तिनं काटा काढला. बोलली नाही.

शिमगा झाला. धाकूनं राबाची तयारी धरली. पेरणीच्या जागेवर शेण, पाला, गवत असे थर घालून ते जाळायचे, म्हणजे तण मरतं आणि रोप जोमानं उठतं. तो पालापाचोळा भारे बांधून वाहत होता. पोर त्याच्या मागे मागे काटक्या गोळा करायची.

त्याच सुमाराला कांताच्या पुतण्याचं लग्न निघालं. वर्षभर लांबलेलं, आता नवरीचा बाप थांबायला तयार नव्हता. रोग पुन्हा चढतोय म्हणून बातम्या येत होत्या. पन्नास माणसांची परवानगी होती. आगऱ्यांच्या हळदीला पन्नास माणसं तर नुसती भाकऱ्या भाजायला लागतात.

कल्पिता म्हणाली, "आई, गर्दीत नका जाऊ. तुमचं वय झालंय."

सखुबाईनं ठेवणीतलं लुगडं काढलं, अंबाड्यात चाफा खोवला आणि उंबरा ओलांडला. ओलांडताच तोंड उघडलं. "घरान मला दातखिली. मांडवान पन बसू? धवल्याबिगर हलद लागली त नवऱ्याचे अंगाला पिठला लावल्यागत होईल."

सूर्य मावळताना तिनं सूर लावला.

*हलद दलली गो जात्याचे पोटी,*
*बाय माजी उभी ऱ्हायली पान्याचे काठी...*

कित्येक महिने तोंडात दाबून ठेवलेलं एकदम मोकळं झालं होतं. बाया दाटीवाटीनं तिच्याभोवती बसल्या, तोंडावरच्या पट्ट्या हनुवटीखाली उतरल्या. म्हातारे उठून पाया पडून गेले. नवरदेवाच्या मामाला सारखी ठसक लागत होती. तो हसून म्हणाला, "भाजणीचा धूर लागला," आणि पाया पडताना तिच्या मांडीवरच खोकला. मागे धाकू बसला होता. दरवेळी बसायचा तसाच, गरम पाण्याचा तांब्या आणि एक पेला घेऊन. ती दोन धवल्यांच्या मधे घोट घ्यायची. तिच्या पेल्यात उरलेलं पाणी तो पिऊन टाकायचा. लग्न झाल्यापासूनची त्याची सवय होती.

पुढच्या आठवड्यात मामाला कल्याणला नेलं. नेला तो परत आलाच नाही. मग एकेक दार लागायला लागलं. ज्यांनी हळदीत फेर धरला होता ते खिडकीतून बोलू लागले. सखुबाईचं अंग दोन दिवस ठणकलं. तिनं काढा घेतला आणि कुणाला कळू दिलं नाही. बोलायचंच नव्हतं, त्यामुळे सोपं गेलं.

एका संध्याकाळी तव्यावर सुकट भाजताना तिची करपली. घरभर वास सुटला. कल्पितानं पदर नाकाला लावून खिडकी उघडली, तर बाहेरून कंपन्यांचा वास आत आला, कुजक्या अंड्यासारखा. धाकू पानावर बसला. चिमूटभर मीठ कमी पडलं तरी जन्मभर कुरकुर करणारा माणूस. त्यानं करपलेली सुकट चावून चावून खाल्ली आणि म्हणाला, "बरी झालीय." मग खिडकीकडे बघून म्हणाला, "कंपनी बंद हाय वाटते आज. वास नाय."

सखुबाईचा हात तव्यावर थांबला. *अवं, तुमाला वास नाय येत?* शब्द दातांपर्यंत आला. पण उंबऱ्याच्या आतली बाजू होती आणि पाय अजून कुणी धरले नव्हते. तिनं शब्द गिळला. धाकूनं हात धुतले, दोनदा खोकला आणि पडवीत जाऊन लवंडला.

कृतिका आजीकडे बघत होती.

राब पेटवायचा तो सकाळी, वारा पडलेला असताना. धाकू उजाडताच निघाला. काठीचा टेका घेत, चार पावलांवर थांबत. पोर त्याच्याबरोबर गेली, काडेपेटी धरायला. कल्पिता आईबापांना डबा द्यायला माजिवड्याला गेली होती, तिथं दोघं तापानं पडली होती. धनेश तर घरी झोपायलाच यायचा. त्याच्या टेम्पोत आता ऑक्सिजनच्या टाक्या असायच्या. भरायच्या आणि दवाखान्यांच्या दारात उतरवायच्या.

ऊन ओट्यावर आलं. टॅब वाजायला लागला. सखुबाई वाल निवडत बसली होती. वाजतंय तर वाजू दे.

दारात पोर येऊन उभी राहिली. धावत आलेली. पाय गुडघ्यापर्यंत राखेनं माखलेले, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. तिनं आजीकडे बघितलं. तोंड उघडलं. तेवढ्यात टॅबातून क्षिप्रा मॅडमचा आवाज आला, "गुड मॉर्निंग, कृतिका! वी आर वेटिंग!" पोरीचं तोंड तसंच उघडं राहिलं. ती टॅबाकडे बघे, आजीकडे बघे. मग तिनं हनुवटी शेताकडे केली.

सखुबाईनं राख बघितली. *आजा कुठं हाय गो?* एवढंच विचारायचं होतं. जिभेवर आलेलंही होतं. पण टॅबाचा डोळा उघडा होता. त्या डोळ्यातून बिल्डिंगीतल्या सगळ्या बाया आपल्या ओटीवर बघत असतात, आणि पुन्हा एखादा शब्द सांडला तर पुन्हा सगळा पंचनामा. तिला वाटलं, म्हाताऱ्यानं पोरीला वर्गासाठी पिटाळलं असेल. तिनं हनुवटीनं टॅबाकडे दाखवलं. बस.

पोर बसली.

वर्गात गाणं झालं. रंग झाले. आंबा कुठल्या रंगाचा, पान कुठल्या रंगाचं. क्षिप्रा मॅडम म्हणाल्या, कृतिका आज फार गप्प आहे, हाऊ आर यू? सखुबाईला तेवढं समजायचं. पोरीनं दोन्ही हात मांडीत घट्ट धरले होते. ती म्हणाली, "आय अॅम फाईन, थँक यू."

मॅडमनी तिला टॅबातली एक चांदणी दिली.

वर्ग संपला, तशी पोरीनं आजीचा हात धरला आणि ओढायला लागली. त्या ओढण्यात जे होतं ते कळायला इंग्रजी लागत नव्हतं. सखुबाई अनवाणी धावली. उंबरा ओलांडला तेव्हा तिच्या तोंडातून जे निघालं ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं.

राब जळून गेला होता. काळ्या चौकोनातून कुठं कुठं धूर उठत होता. धाकू बांधाला पडला होता, एक गाल राखेत. ओठ जांभळासारखे झालेले. डोळे उघडे होते, आणि त्यानं तिला ओळखलं, हे तिला दिसलं.

"अवं... अवं, बोला कायतरी. मी बोलतंय ना. बगा, मी बोलतंय..."

तो बोलला नाही. सगळा जीव श्वासाला लागला होता.

गावातून कुणी पुढं आलं नाही. कांतानं खिडकीतून धनेशला फोन लावला. धनेश आला तो भरलेला टेम्पो घेऊनच. त्यानं बापाला टाक्यांच्या मधे निजवलं. सखुबाई डोकं मांडीवर घेऊन बसली. रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला टाक्या एकमेकींवर आपटून घणघणत होत्या. सगळ्या भरलेल्या, आणि एकीचंही तोंड त्यांना उघडता येईना. त्याला लागणारी चावी, नळी, पट्टी, सगळं दवाखान्यात. एका दारातून दुसऱ्या दारात. जागा नाही, जागा नाही. डोंबिवलीत एका दवाखान्यानं शेवटी पॅसेजमध्ये खुर्ची दिली. डॉक्टर पोरगेलासा होता. म्हणाला, "छातीत चारपाच दिवसांपासूनच असणार. वास येत नाही वगैरे काही म्हणाले होते का?"

धनेश म्हणाला, "नाय. कायच नाय बोललं."

सखुबाईनं भिंतीला डोकं टेकलं.

संध्याकाळच्या आत धाकू गेला. त्याला पिशवीत बांधला. धवलारणीच्या नवऱ्यावर रडायला गाव लोटलं असतं एरवी. तिथं रडू नका म्हणून सांगत होते, पॅसेजमध्ये बाकीचे पेशंट घाबरतात. धनेश जमिनीवर बसला आणि त्यानं आईचे पाय धरले.

"आये, बोल ना. शिव्या दे मला. कायतरी बोल."

पाय धरल्याशिवाय बोलणार नव्हती. आता धरले होते. तिच्या तोंडून आवाजच फुटेना.

घरावर फलक लागला, दार बांबूंनी अडवलं. सखुबाई आणि कल्पिता दोघी तापल्या आणि उठल्या. अंगणाच्या फाटकाच्या खिळ्याला रोज एक डबा अडकवलेला असायचा. कोण अडकवतं ते कळायला वेळ लागला. समोरच्या बिल्डिंगीतली रसिका होती ती. तिनं कधी मान वर करून खिडकीकडे पाहिलं नाही. क्षिप्रा मॅडमनी वर्गात कृतिकाच्या आजोबांसाठी सगळ्या मुलांना डोळे मिटून शांत बसायला सांगितलं. टॅबावर ते सगळे छोटे छोटे चौकोन गप्प बसले होते. त्यात कृतिकाही गप्प बसली होती. बाकीची पोरं मग बोलायला लागली. ती लागली नाही.

धनेशनं तिला मांडीवर घेऊन विचारलं, "बाय, तू व्हतीस ना आज्यापाशी? काय झाला ते सांगाचा नाय का आजीला?" पोरीनं त्याच्या शर्टाच्या गुंडीकडे बघितलं. कल्पितानं विचारलं, आधी इंग्रजीत, मग मराठीत, मग रडत. नंतर एका सकाळी तिनं उलथनं घेतलं आणि घरातल्या सगळ्या चिठ्ठ्या खरवडून काढल्या. दारावर, माठावर, वरवंट्यावर चौकोनी डाग राहिले. "आई, तुम्ही बोला आता तिच्याशी," ती म्हणाली. "काहीपण बोला. शिव्या दिल्या तरी चालेल."

सखुबाईनं बोलायला सुरुवात केली. तापानं आवाज फाटला होता. मांडव भरून टाकणारा तो आवाज आता फुटक्या हंड्यासारखा वाजायचा. ती दिवसभर बोलायची. कोंबड्याशी, जात्याशी, पोरीशी. पोर ऐकायची आणि हनुवटीनं उत्तर द्यायची. ती हनुवटी पाहिली की सखुबाईला आपलंच तोंड समोर दिसायचं.

मृगाच्या आधी राबात बी टाकायला पाहिजे. धाकूनं भाजून ठेवलेला काळा चौकोन तसाच होता. नाल्याला त्या दिवशी गुलाबी पाणी होतं. आभाळ भरून आलं होतं आणि वारा मुळीच नव्हता. सखुबाईनं भाताची टोपली कमरेवर घेतली, पोरीचं बोट धरलं आणि शेतावर आली. धनेशनं जमीन उकरून दिली होती. ती ओंजळ भरायची, फेकायची. धाकू फेकायचा तसं सारखं पडत नव्हतं, कुठं दाट, कुठं विरळ.

बांधापाशी, जिथं तो पडला होता तिथं, ती थांबली. मूठ भरलेलीच होती.

"कृतिके," ती म्हणाली. "इथं कोन नाय. मॅडम नाय, तुजी आय नाय. इथं तुजा आजा बोलाचा, तू बोलाचीस. बोल माजे बाय."

पोरीनं आजूबाजूला बघितलं. बिल्डिंगींच्या भिंतीवरच्या खिडक्यांकडे बघितलं. नाल्याकडे बघितलं. मग आजीच्या अगदी जवळ आली, लुगड्याचा काठ धरला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज निघाला, बारीक, घोगरा.

"आजी, म्यूट हाय ना?"

सखुबाईला तो शब्द वर्षभरात पाठ झाला होता. टॅबावरची ती तांबडी आडवी रेघ. ती दिसली की घराचा आवाज बाहेर जात नाही.

"हाय," ती म्हणाली. "हाय गो, म्यूट हाय. बोल."

पोरीनं परत एकदा खिडक्यांकडे बघितलं. मग ती जमिनीकडे बघत म्हणाली, "आजा परला. मंग त्यानी सांगला, आजीला बोलव."

सखुबाईची मूठ घट्ट झाली.

"मी आलती," पोर म्हणाली. "मी पलत आलती."

वारा नव्हता. सखुबाईनं मूठ उघडली. भाताचे दाणे घामानं तळहाताला चिकटून बसले होते. ती ते एकेक करून सोडवत राहिली, आणि पोर खाली वाकून, ते जिथं पडत होते तिथं, राखेत बोटानं दाबत राहिली.